अठ्ठ्याण्णव टक्के मूळ

जुन्या दुनळी बंदुकांच्या अमेरिकी बाजारात स्वच्छता हा दुर्गुण मानला जातो. शंभर वर्षांपूर्वीची बंदूक लख्ख निघाली तर जाणकार गिऱ्हाईक हरखून जात नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर आणते. उलट नळ्यांची निळाई करडी पडलेली, दस्त्यावर ओरखडे, चौकटीचे रंग हाताच्या घामाने धुऊन गेलेले, असे ध्यान समोर आले की त्याचा जीव भांड्यात पडतो. या मळाला तिथे भाव आहे. बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हा जो मुलामा तिच्या अंगावर होता, तोच आज जेवढा उरला असेल तेवढ्याचे पैसे मोजले जातात. नवा मुलामा कितीही सुंदर चढवला तरी किंमत वाढत नाही, बहुतेक वेळा घटते. साहजिकच नवा चढवलेला मुलामा जुनाच आहे असे सांगण्याचा एक समांतर धंदा उभा राहिला, आणि तो पकडण्याचे एक शास्त्रही.

‘अँटिक’ कशाला म्हणायचे, हे अमेरिकी कायद्याने परस्पर ठरवून टाकले आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ साली किंवा त्याआधी घडलेली बंदूक ती अँटिक. म्हणजे १८९८च्या ३१ डिसेंबरला घडलेली बंदूक पुराणवस्तू, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कारागिराच्या हातून उतरलेली तिची पाठची बहीण नुसतीच बंदूक. संग्राहक मात्र इतके काटेकोर नसतात. त्यांचे प्रेम दुसऱ्या महायुद्धापर्यंत सरसकट पसरलेले आहे. या प्रेमाचा सर्वांत मोठा वाटा कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडन गावच्या पार्कर ब्रदर्सला मिळतो. या घराण्याचा मूळपुरुष चार्ल्स पार्कर हा कॉफी दळण्याच्या गिरण्या बनवून पुढे आलेला गृहस्थ. यादवी युद्धानंतर त्याच्या कारखान्यातून दुनळी बंदुका निघू लागल्या. १९३४ साली रेमिंग्टनने हा धंदा विकत घेतला, १९३८च्या सुमारास तो न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवला, आणि १९४२च्या आसपास पार्करची दुनळी कायमची थांबली. तोवर सुमारे २,४२,००० बंदुका झाल्या होत्या. त्याखेरीज एल. सी. स्मिथ (हे गृहस्थ पुढे टंकयंत्रे बनवण्याकडे वळले, आणि तिथेही त्यांचे नाव झाले), फिलाडेल्फियाचा ए. एच. फॉक्स, लफीव्हर, इथाका ही घराणी. या सगळ्यांच्या साध्या बंदुका शेतकऱ्यांनी बदकांवर आणि सशांवर झाडल्या, पावसात भिजवल्या आणि गोठ्याच्या दारामागे उभ्या केल्या. तरीही जाहिराती वाचल्या तर निम्म्याहून अधिक बंदुका कपाटात मखमलीवर झोपून होत्या असे वाटते.

मुलाम्याची मोजदाद टक्क्यांत होते. नॅशनल रायफल असोसिएशनच्या जुन्या बंदुकांसाठीच्या श्रेणींत ‘एक्सलंट’ म्हणवून घ्यायला ८० टक्क्यांहून अधिक मूळ मुलामा लागतो, ‘फाइन’ला ३० टक्क्यांहून अधिक, आणि शून्य ते तीस टक्क्यांच्या मधले जे काही असेल त्याला ‘व्हेरी गुड’ म्हणतात. शाळेत ज्या गुणांवर पालकांना बोलावणे येते, त्याच गुणांना इथे शाबासकी मिळते. हे टक्के मोजण्याचे यंत्र नाही; विकणाऱ्याचा डोळा हेच यंत्र. म्हणून विकणाऱ्याची बंदूक नेहमी अठ्ठ्याण्णव टक्के असते. शंभर म्हटले तर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन टक्के सोडून दिले की माणूस प्रामाणिक दिसतो.

तपासणीची सुरुवात चौकटीपासून करावी. दोन्ही नळ्या जिथे येऊन बसतात, जिच्या पोटात घोडे आणि चाप असतात, ती पोलादी चौकट. चांगल्या बंदुकीत तिच्यावर निळे, तपकिरी, जांभळट, राखी असे ढग उमटलेले असतात. हे ढग शोभेसाठी जन्मले नाहीत. मऊ पोलादाचा पृष्ठभाग कडक व्हावा आणि गाभा चिवट राहावा, म्हणून चौकट मुशीत ठेवून तिच्याभोवती हाडांचा आणि लाकडाचा कोळसा ठासून भरत, सात-आठशे अंश सेल्सिअसला काही तास भाजत, आणि मग एकदम पाणी देत. कोळशातला कार्बन कातडीत मुरे, पोलाद कडक होई, आणि जाता जाता हे रंग फुकटात मिळत. कारखाने त्यांच्यावर लाखेचा पातळ हात मारून ते जपत.

हे रंग नाजूक असतात. ऊन, घाम आणि सतत घासणारा तळवा यांनी ते उडतात, आणि उडण्याचाही एक क्रम असतो. शिकारी बंदूक एका हातात आडवी धरून मैलोगणती चालतो, त्यामुळे चौकटीची खालची बाजू आणि कडा प्रथम पांढुरक्या होतात. चापाच्या कड्याच्या आडोशाला, बंदूक उघडण्याच्या वरच्या कळीखाली, दर्शनी गोलाव्याच्या खोबणीत रंग सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. बंदूक मोडून उघडली की नळ्यांखाली जो सपाट पाट दिसतो, त्याला तर ऊन आणि तळवा कधी लागतच नाही. म्हणून खऱ्या बंदुकीत बाहेर फिके आणि आत गडद असा प्रकार असतो. बाहेर दसरा-दिवाळी आणि आतला पाट मात्र करडा, उदास, असे दिसले तर रंग बाहेरून आला हे उघड आहे. याहून चलाख कारागीर सगळी चौकटच पुन्हा भाजतो. मग आत-बाहेर सगळे सारखेच गडद होते, आणि तेही वाईटच. शंभर वर्षे हातात फिरलेली वस्तू सगळीकडे सारखी जुनी होत नाही. तशी ती सगळीकडे सारखी नवी कशी राहील?

भाजण्याचा खटाटोप ज्याला परवडत नाही तो गॅसची ज्योत घेऊन बसतो. ज्योतीने पोलाद तापवले की त्यावर गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा असे रंग ठरलेल्या क्रमाने उमटतात. पण ते पट्ट्यापट्ट्यांनी येतात. कोळशाचे ढग कधी रांग लावून उभे राहत नाहीत. शिवाय ज्योतीच्या आचेने कडक केलेली कातडी मऊ पडण्याचा धोका असतो. मुशीत पुन्हा भाजलेली चौकट कधी कधी किंचित वाकडी होते, आणि मग नळ्या बसवताना असा आवाज येतो की विकणारा त्याच वेळी खोकतो.

चौकटीनंतर नळ्या. दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या एकमेकींना कथील-शिशाच्या डागाने जोडलेल्या असतात. या एका गोष्टीवर निम्मी तपासणी उभी आहे. जुन्या कारखान्यांची निळाई म्हणजे शिस्तीत वाढवलेला गंज होता. नळीला रसायन चोळायचे, दमट पेटीत ठेवून तांबडा गंज येऊ द्यायचा, मग उकळत्या पाण्यात सोडायची, की तांबड्या गंजाचा काळा होतो. तो तारेच्या ब्रशाने झाडायचा, आणि हे सगळे पुन्हा पुन्हा करायचे. काम दिवसचे दिवस चाले. त्यातून येणारा रंग खोल, पण मंद असे. त्यात चेहरा दिसत नसे. पुढे गरम क्षारांची निळाई आली. दाहक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंशांच्या द्रावणात नळी बुडवली की अर्ध्या तासात काळी कुळकुळीत. एकनळीसाठी हे उत्तम. दुनळीला मात्र ते घातक, कारण ते क्षार डागच खाऊन टाकतात. जे उरते ते पट्ट्यांखाली दबा धरून बसते आणि काही वर्षांनी कडेने पांढरे फुलते. कोणताही शहाणा कारखाना दुनळी त्या कढईत बुडवत नसे. तेव्हा १९०५ सालच्या दुनळीवर आरशासारखी काळी चकाकी दिसली, तर ती कोणी बुडवली एवढाच प्रश्न उरतो. नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यातून बोटावर लटकवाव्यात आणि नखाने टिचकी मारावी. डाग शाबूत असेल तर लांबलचक नाद उठतो. भद्द आवाज आला तर पट्ट्या सुटत चालल्या आहेत. ही परीक्षा भर दुकानात केली की आजूबाजूचे लोक बाजूला होतात, त्याला इलाज नाही.

नव्या निळाईआधी जुना गंज घासावा लागतो, आणि घासण्याचे पाप लपत नाही. कारखान्यात नळ्या लांबीच्या दिशेने हाताने तासत; त्यामुळे खिडकीसमोर धरली की प्रकाशाची रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ जाते. घाईच्या कारागिराने बफाच्या चाकावर धरलेली नळी त्याच खिडकीसमोर लाटालाटांनी डोलते. आतून खड्डे काढण्यासाठी नळी पोखरलेली असेल तर तिची भिंतही पातळ झालेली असते. पार्करने नळ्या पुऱ्या तासण्याआधीचे त्यांचे वजन पौंड-औंसांत नळ्यांवरच ठोकून ठेवलेले असे. आताचे वजन त्याहून थोडे कमी असणारच. पण त्यात फार मोठी तूट दिसली तर धातू कुठे गेला याचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा. इंग्लंडमध्ये हा हिशेब सरकारदरबारी मागितला जातो. लंडन आणि १८१३ साली स्थापन झालेले बर्मिंगहॅम अशी दोन चाचणीघरे तिथे नळ्यांवर शिक्के मारतात, आणि नळी पोखरून ठरलेल्या मर्यादेपलीकडे रुंद झाली की जुना शिक्का बाद होऊन बंदूक पुन्हा चाचणीला न्यावी लागते. तशी न नेता विकणे हा गुन्हा. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथे गिऱ्हाइकानेच मायक्रोमीटर घेऊन फिरावे.

नळ्यांच्या तोंडाशीही एक नजर टाकावी. मूळ लांबीच्या दुनळीत पुढच्या टोकाला दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात. मध्ये फट दिसली, किंवा फटीत कशाचा तरी तुकडा भरलेला दिसला, तर पुढची काही इंच नळी कापून टाकलेली आहे. तिच्याबरोबर छर्रे आवळून धरणारा तोंडाजवळचा अरुंदपणाही गेला. अशी बंदूक बदकाच्या दिशेने छर्रे पाठवते, पण बदकाला फारसा त्रास देत नाही.

दमास्कस नळ्यांची तऱ्हा निराळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, त्या नळीवर गुंडाळून जोडल्या की आम्लाने त्यांतून वेलबुट्टी उठते. अमेरिकी बंदुकांसाठी अशा नळ्या मोठ्या प्रमाणावर बेल्जियममधल्या लीएजहून येत. त्या काळी दमास्कसला इतका मान होता की साध्या पोलादी नळीवर छापाने तशी वेलबुट्टी उठवून स्वस्त बंदुका विकल्या जात. म्हणजे ज्या नकलीचा शोध आजचे संग्राहक लावतात, ती नक्कल स्वतः पुराणवस्तू होऊन बसली आहे. अशा बंदुकीला हौसेने पॉलिश करायला घेतलेल्या मालकाच्या फडक्यावर दमास्कस येते आणि हातात साधी नळी उरते.

अक्षरे आणि कोरीवकाम खोटे बोलत नाहीत, कारण ती धातूत खोल असतात आणि घासणारा त्यांच्यावरूनच हात फिरवतो. कंपनीच्या नावाचे काठ बोथट झाले, एखाद्या अक्षराची अर्धी काठी गेली, कोरलेल्या कुत्र्याचा कान दिसतो पण शेपूट नाही, अशी लक्षणे शोधावीत. कुत्र्याची शेपूट पुन्हा कोरलेली असेल तर ती बाकीच्या कुत्र्यापेक्षा तरुण दिसते. स्क्रूंच्या भोकांचे काठ बशीसारखे खचलेले असतील तर बफ तिथे रेंगाळला आहे. खुद्द स्क्रू पाहावेत. चांगल्या कारखान्यात त्यांच्या खाचा अगदी बारीक असत आणि सगळ्या नळीच्या रेषेत एका दिशेला बसवलेल्या असत. ज्या बंदुकीला ‘कधीच कोणी उघडलेले नाही’, तिच्या खाचा जर चारी दिशांना तोंड करून उभ्या असतील, आणि त्यांतल्या दोन रुंदावून फाटलेल्या असतील, तर तिला उघडणारे निदान चार जण होते आणि त्यांतल्या एकाकडेही योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर नव्हता.

वरची कळ तर अगदी चुगलखोर. बंदूक नवी असताना बंद केल्यावर ही कळ मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. उघडझाप होत जाते तसतशी झीज होऊन ती मध्ये येते, आणि पुढे डावीकडे सरकते. अठ्ठ्याण्णव टक्के रंगाची, ‘जवळजवळ न उडवलेली’ बंदूक हातात घ्यावी आणि कळ डावीकडे कललेली पाहावी, हा अनुभव केसांना गडद कलप लावलेल्या वराच्या भुवया पांढऱ्या दिसाव्यात तसा असतो.

लाकूड मात्र सर्वांत बोलके, आणि फसवणाऱ्याचे सर्वांत नावडते. कारखान्यात अक्रोडाचा दस्ता धातूला जिथे भेटतो तिथे लाकूड धातूहून केसभर उंच ठेवत. नंतर कोणी पॉलिश पेपर फिरवला की लाकूड खाली जाते आणि धातूची कड वर उरते. बोटाचे पेर त्या सांध्यावरून हळूच न्यावे. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला कळते. हीच गोष्ट मागच्या टोकाच्या रबरी तबकडीची. पार्करच्या अनेक बंदुकांवर तिथे कुत्र्याचे मुंडके असलेली कडक रबराची तबकडी असे. दस्ता घासून बारीक झाला की तबकडीची कड त्याच्या बाहेर डोकावते, आणि ते कुत्रे आपल्याच घरात मावेनासे होते. असे जुने रबर उजेडात राहून तपकिरी पडते, हेही लक्षात ठेवावे. अंगभर तपकिरी झालेल्या जुन्या बंदुकीला काळीभोर तबकडी शोभत नाही.

पकडीवरच्या चौकटी-चौकटींच्या जाळीदार नक्षीला चेकरिंग म्हणतात. तिची टोके वर्षानुवर्षांच्या हातांनी चपटी होतात आणि खाचांत मळ साचून कडक होतो. ती पुन्हा कापलेली असेल तर टोके बोटाला टोचतात, खाचांत फिकट ताजे लाकूड दिसते, आणि कडेच्या रेघेबाहेर एखादी रेघ निसटलेली असते. याच्या उलट प्रकार म्हणजे जाळीवरून वॉर्निश ओतलेले असते आणि सगळ्या खाचा गोंदाने भरल्यासारख्या दिसतात. दस्त्याचे डोके, जिथे तो चौकटीला भिडतो, तिथे शंभर वर्षांचे तेल मुरून लाकूड काळे पडते. ते जर स्वच्छ बदामी असेल तर कोणीतरी तेल काढून लाकूड धुतले आहे, आणि माणूस लाकूड धुतो तेव्हा त्याच्या मनात विक्री असते.

यानंतर आकडे आणि कागद. चौकट, नळ्या आणि पुढची मूठ यांवरचा क्रमांक एकच हवा. तो जुळला तरी काम संपत नाही. स्वस्त प्रतीच्या बंदुकीवर नवे कोरीवकाम करून तिला वरच्या प्रतीत बढती देण्याची प्रथाही जुनी आहे. पार्करच्या व्हीएच प्रतीत कोरीवकाम जेमतेम असे, डीएच प्रतीत भरपूर. मधली दरी एका हुशार छिन्नीच्या अंतरावर आहे. यावर उतारा म्हणजे कारखान्याच्या वह्या. त्यांतल्या ज्या टिकल्या आहेत त्यांवरून पार्कर संग्राहकांची संघटना पत्र देते: अमुक क्रमांक, अमुक प्रत, नळीची लांबी, कोणाला पाठवली. विंचेस्टरच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. कागदाचे वजन किती असते याचा दाखला म्हणजे १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी आफ्रिकेच्या सफरीवर नेलेली फॉक्स. २०१० साली लिलावात तिला ८,६२,५०० डॉलर मिळाले. तशीच फॉक्स, कागदांशिवाय आणि राष्ट्राध्यक्षांशिवाय, फारच स्वस्तात मिळते.

इथे एक पेच आहे, आणि तो अजून कोणी सोडवलेला नाही. जुन्या काळी मालक बंदूक दुरुस्तीला कारखान्यातच परत पाठवत, आणि कारखाना तिच्यावर नवा मुलामा चढवून देई. तेच हात, तीच मूस, तोच कोळसा. फक्त वीस वर्षांनंतर. हा मुलामा कारखान्याचा आहे, यात खोटे काही नाही. मूळ मात्र नाही. विकणारे अशा वेळी ‘कारखान्याचा’ हा शब्द मोठ्याने उच्चारतात आणि पुढे काहीच बोलत नाहीत.

जाहिरातींत अशा मौनाची भाषा चांगली विकसित झाली आहे. ‘माझ्या पाहण्यात सर्व मूळ’ यातला पाहणारा निवांत असतो. ‘आजोबांच्या कपाटातून’ म्हणणाऱ्याचे आजोबा दर महिन्याला नव्या बंदुकीसह प्रकट होतात. ‘तज्ज्ञाला दाखवली होती’ या वाक्यात तज्ज्ञ काय म्हणाला ते नसते. आणि छायाचित्रे नेहमी डाव्या बाजूची, दुरून, संध्याकाळच्या सोनेरी उजेडात काढलेली; पाटाचे, सांध्यांचे आणि नळ्यांच्या तोंडाचे छायाचित्र मागितले की विकणाऱ्याचा कॅमेरा त्याच दिवशी बिघडतो. खरेदीपूर्वी तीन दिवस तपासणीची मुभा मागावी. ती नाकारणाऱ्याने बाकीची तपासणी स्वतःच पुरी करून दिलेली असते.

सगळा नवा मुलामा लबाडीचा नसतो, हे मात्र सांगायला हवे. गंजून गेलेली, कोणी विकत घेणार नाही अशी बंदूक जुन्या पद्धतीने, हाडांच्या कोळशात भाजून आणि गंज चढवून-झाडून पुन्हा उभी करणारे उत्तम कारागीर अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लूमफील्डची टर्नबुल यांची कार्यशाळा त्यासाठी नावाजलेली आहे. त्यांच्या कामाचे बिल घसघशीत असते आणि त्यावर काय काय केले ते स्वच्छ लिहिलेले असते. पहिला मालक ते बिल फ्रेम करून ठेवतो आणि येईल त्याला अभिमानाने दाखवतो. दुसरा मालक बंदूक घेताना बिलही घेतो, आणि ते बंदुकीच्या पेटीत ठेवतो. तिसऱ्याच्या हाती पेटी येते, तेव्हा बिल दिसत नाही. चौथ्याला विकताना तिसरा म्हणतो की ही बंदूक अशीच मिळाली होती, आणि हे अक्षरशः खरे असते.